नवीन संसारासाठी दुकानातून मोठी वस्तू घेताय? आधी काय बघायचं, आणि फसलात तर पैसे परत कसे मिळवायचे

मी मूळची बार्शीची, लग्नानंतर चिंचवडला आले. २०२४ च्या दसऱ्याला आम्ही पहिली मोठी खरेदी केली, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, २८,९९० रुपयांचं. एका मोठ्या शोरूममधून. ते मशीन आमच्या घरी धड दहा दिवसपण चाललं नाही आणि त्याचे पैसे परत मिळायला पुढचा जून उजाडला. त्या आठ महिन्यांत मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. जे पहिल्यांदा घर लावताहेत, नोकरीसाठी गावाकडून पुण्या-मुंबईत आलेत, ज्यांना इथलं कुठलं दुकान कसं हे माहीत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान ठरलेलं होतं. आईने तिथून कुकर घेतला होता आणि दोन महिन्यांत त्याचं झाकण बसेना, तर त्या काकांनी बिलसुद्धा नीट बघितलं नाही, झाकण हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले "वहिनी, हा राहू द्या इथं, तुम्ही दुसरा न्या, कंपनीशी माझं मी बघतो." मला वाटायचं दुकान म्हणजे असंच असतं. शहरात आल्यावर कळलं की तसं ओळखीवर चालत नाही, इथे कागदावर चालतं, आणि कागद आपला आपण सांभाळायचा असतो.

आधी यादी देते, मग एकेक पायरी.

जवळ काय काय ठेवायचं

एक साधी प्लास्टिकची फाईल करा आणि मोबाईलमध्ये त्याच नावाचा एक फोल्डर. त्यात हे हवं:

- पक्कं बिल, ज्यावर जीएसटी नंबर, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर आहे
- वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं
- पैसे दिल्याचा पुरावा (यूपीआयचा स्क्रीनशॉट, कार्डची स्लिप, बँक स्टेटमेंट)
- ईएमआय असेल तर लोनचे कागद
- डिलिव्हरी चलनाचा फोटो
- डबा उघडतानाचा व्हिडिओ
- टेक्निशियन आला की त्याची प्रत्येक जॉब शीट (काय बघितलं, काय केलं ते तो लिहून देतो तो कागद)
- प्रत्येक तक्रारीचा नंबर, तारीख आणि कुणाशी बोललात त्याचं नाव

बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, सहा महिन्यांत ते पांढरंफटक होतं. माझ्या मिक्सरचं बिल असंच कोरं झालंय, त्यावर आता काहीच वाचता येत नाही.

१. दुकान निवडताना वस्तूइतकंच दुकानाकडे बघा

गुगलवरचे पाच स्टारवाले रिव्ह्यू सोडून द्या, ते बऱ्याचदा काउंटरवरच "मॅडम एक रिव्ह्यू टाका ना" म्हणून टाकून घेतलेले असतात, मीसुद्धा तसा टाकला होता, मशीन घरी यायच्या आधीच. एक आणि दोन स्टारवाले वाचा, नवीन आधी लावून. आणि लोकांनी तक्रार केल्यावर दुकानाने खाली काय उत्तर दिलंय ते बघा. सगळीकडे तेच ठरलेलं "तुमच्या असुविधेबद्दल खेद आहे" असेल तर समजून जा. एखाद्या ठिकाणी दुकानदाराने त्या गिऱ्हाइकाला नीट विचारलंय, बिल नंबर मागितलाय, नंतर गिऱ्हाइकानेच येऊन "प्रश्न सुटला" असं लिहिलंय, तर ते दुकान बघायला जा.

दुसरं, दुकानात गेल्यावर विक्रीच्या काउंटरपाशी न थांबता सर्व्हिसचं काउंटर किंवा तक्रारीचं टेबल कुठे आहे ते बघा. तिथे पाच मिनिटं उभं राहा. तिथे बसलेला माणूस आलेल्या लोकांशी कसा बोलतो तेच उद्या तुमच्याशी बोलणार आहे. आमच्या शोरूममध्ये ते टेबल बेसमेंटला होतं, मला ते पहिल्यांदा दिसलं ते मशीन बंद पडल्यावर.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मोठ्या शोरूममध्ये कंपनीचा टीशर्ट घालून जो मुलगा आपल्याला माहिती देतो तो बऱ्याचदा दुकानाचा नसतो, त्या कंपनीचा प्रमोटर असतो. त्याला त्या ब्रँडचं टार्गेट असतं. तो वाईट माणूस असतो असं अजिबात नाही, दिवसभर उभं राहून काम करतात बिचारे, पण त्याने तोंडी दिलेला शब्द दुकान मानत नाही. "हो मॅडम, काही झालं तर लगेच बदलून देऊ" हे मला त्याच मुलाने सांगितलं होतं, आणि मी महिन्याने गेले तेव्हा तो दुसऱ्या दुकानात गेलेला होता.

२. पैसे द्यायच्या आधी चार प्रश्न

हे प्रश्न दुकानाच्या माणसाला विचारा, मॅनेजर असेल तर त्यालाच. आणि शक्यतो व्हॉट्सअॅपवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

- वस्तू घरी आल्यावर खराब निघाली तर बदलून कोण देणार, तुम्ही की कंपनी, आणि किती दिवसांत?
- इन्स्टॉलेशन कोण करणार?
- मिळणारी वस्तू सीलबंद असेल ना, डिस्प्लेवरची नाही ना?
- परत केली तर पैसे मिळतील की क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की कंपनीच्या टेक्निशियनने बघून डीओए लेटर दिलं तर बदलून देतो. डीओए म्हणजे वस्तू आली तेव्हाच बिघडलेली होती असं कंपनीने लिहून देणं. हे लेटर मिळवायची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती अगदी थोड्या दिवसांची असते, म्हणून तो आकडा आधीच विचारून ठेवा.

क्रेडिट नोटचा प्रश्न कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानात जास्त येतो. तुम्हाला रंग आवडला नाही किंवा साइज चुकली म्हणून परत करताय तर दुकानाचा जो नियम असेल तो चालतो, तिथे आपण हट्ट करू शकत नाही. पण वस्तूच सदोष असेल तर गोष्ट वेगळी आहे, ते पुढे सांगते.

३. बिल घ्याच

"बिल नको असेल तर थोडं कमी करतो" ही ऑफर आली की तिथून निघा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, तक्रार नाही, काहीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा गेला.

आता बिलाच्या तळाला किंवा काउंटरच्या मागच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", त्याला घाबरू नका. त्याच कायद्यात असं आहे की सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे, बिलावर जी मुदत लिहिलीय त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत. मला हे माहीत नव्हतं, मी ती पाटी वाचून पहिल्या दिवशी मुकाट्याने घरी आले.

बिल हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी तीन गोष्टी वाचा: तुमचं नाव बरोबर आहे का, मॉडेल नंबर तोच आहे का, आणि जुनी वस्तू एक्सचेंजमध्ये दिली असेल तर तिची किंमत वेगळ्या ओळीत दाखवलीय का. आमच्या जुन्या सेमी ऑटोमॅटिकचे १,५०० रुपये बिलात कुठेच नव्हते, फक्त "डिस्काउंट" असं लिहिलेलं. नंतर तडजोडीच्या वेळी ते १,५०० मिळवायला वेगळी घासाघीस करावी लागली कारण जुनं मशीन तर केव्हाच गेलेलं.

बिलाच्या काउंटरवरच्या छोट्या गोष्टी पटकन सांगून टाकते. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, थंड पाण्याच्या बाटलीला "कूलिंग चार्ज" म्हणून जे वरचे पैसे घेतात ते चुकीचं आहे आणि त्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) होते. कॅरी बॅगचे पैसे आधी न सांगता थेट बिलात लावणं हेसुद्धा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये अनुचित ठरवलंय. आणि मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल निघतच नाही असं सांगितलं तर, केंद्राच्या ग्राहक विभागाने मे २०२३ मध्येच दुकानांना सांगितलंय की नंबरची सक्ती करू नका. वॉरंटीच्या वस्तूला मात्र नंबर दिलेला बरा, कारण पुढची सर्व्हिस त्याच नंबरावर चालते.

४. ईएमआय आणि वाढीव वॉरंटी

वाढीव वॉरंटी म्हणून जे दोन-तीन हजार शेवटच्या क्षणी जोडतात ते बऱ्याचदा कंपनीचं नसतं, तिसऱ्याच कुणाचं तरी असतं. कागद मागा, त्यात काय काय वगळलंय ते वाचा, मग ठरवा. मी ते घेतलं नाही आणि मला पस्तावा झाला नाही.

ईएमआय बद्दल जास्त नीट ऐका, कारण इथे माझी मोठी चूक होता होता राहिली. नो कॉस्ट ईएमआय म्हटलं तरी प्रोसेसिंग फी असते, ती विचारून घ्या, हे झालं एक. पण खरा धोका वस्तू बिघडल्यावर येतो. आपल्याला वाटतं मशीन बंद, दुकानदार दाद देत नाही, मग मी हप्ता का भरू? तसं करू नका. पैसे दुकानाला फायनान्स कंपनीने दिलेत आणि तुमचं कर्ज त्या फायनान्स कंपनीशी आहे, भांडण दुकानाशी आहे. हप्ता थांबवला की बाउन्सचे चार्ज लागतात, फोन सुरू होतात आणि सिबिल, म्हणजे आपला कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब होतं, आणि उद्या घराचं लोन घ्यायला गेलात की तो डाग पुढे येतो. आमचे हे म्हणत होते भरायचं नाही म्हणून, पण त्यांच्याच चाकणच्या कंपनीतल्या एका मित्राचं असं झालेलं होतं म्हणून वाचलो. हप्ते भरत राहा आणि तक्रारीत लिहा की मी बंद मशीनचे हप्ते भरतेय. आमच्या तडजोडीत त्या वाक्याचा उपयोग झाला.

५. डिलिव्हरीच्या दिवशी

आमचं सगळं इथे बिघडलं म्हणून हे जरा सविस्तर.

दुकानाची गाडी आली, दोन मुलं मशीन वर घेऊन आली. डबा उघडला, प्लग लावला, पाइप जोडला आणि म्हणाले "मॅडम, लावून देतो, बघा चालतंय." मला बरंच वाटलं, कंपनीच्या माणसाची वाट बघायला नको. फ्रंट लोड मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तो घट्ट धरून ठेवणारे लांब बोल्ट. मशीन चालू करायच्या आधी ते काढायचेच असतात. त्या मुलांनी ते काढले नाहीत, त्यांना माहीतच नसावं, आणि मला तर नव्हतंच. स्पिन सुरू झाला की मशीन बाथरूमभर नाचायचं, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या विचारायला. चौथ्या-पाचव्या धुण्याला आतून धाड धाड आवाज यायला लागला आणि मग बंदच पडलं.

कंपनीचा टेक्निशियन आला, मागे बघितलं आणि म्हणाला बोल्ट तसेच आहेत, सस्पेन्शन गेलंय, इन्स्टॉलेशन आम्ही केलेलं नाही म्हणून वॉरंटीत येत नाही. दुकान म्हणालं आम्ही फक्त पोचवतो, बाकी कंपनीचं. कंपनी म्हणते दुकानाची चूक, दुकान म्हणतं कंपनीशी बोला, आणि मी मधे, बादलीत कपडे भिजवून बसलेली.

तर त्या दिवशी हे करा:

१. चलनावर सही करायच्या आधी डबा चारी बाजूंनी बघा. दाबलेला, फाटलेला असेल तर चलनावरच तसं पेनाने लिहा आणि फोटो काढा.

२. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबरचं स्टिकर त्यात दिसलं पाहिजे. तो नंबर बिलाशी जुळवा.

३. डिलिव्हरीच्या मुलांना प्लग लावू देऊ नका. प्रेमाने सांगा, पाणी द्या, चहा द्या, पण मशीन त्यांना चालू करू देऊ नका.

४. इन्स्टॉलेशनसाठी कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन करून कॉल टाका, दुकान टाकेल या भरवशावर राहू नका.

५. इन्स्टॉलेशन झालं की जॉब शीटवर तारीख आणि "चालू स्थितीत" असं लिहून घ्या.

फ्रीज असेल तर आल्या आल्या चालू करू नका, काही तास उभा ठेवतात, किती ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं.

६. बिघडलं की पहिले दोन दिवस

त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार टाका आणि तक्रार नंबर घ्या. त्याच दिवशी दुकानाला व्हॉट्सअॅप किंवा ईमेल करा. दोघांनाही, कारण नंतर दोघंही म्हणतात आम्हाला कुणी कळवलंच नाही. व्हिडिओ काढा, आवाज, गळती, स्क्रीनवरचा एरर कोड जे असेल ते. स्वतः उघडू नका, गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला तर मुळीच दाखवू नका, त्याने स्क्रू जरी फिरवला तरी कंपनीला निमित्त मिळतं.

टेक्निशियन आल्यावर दोन ठिकाणी लोक फसतात.

एक म्हणजे ओटीपी. तो निघताना म्हणतो "मॅडम ओटीपी सांगा, नाहीतर माझा कॉल क्लोज होत नाही." काही कंपन्यांत याला हॅपी कोड म्हणतात. तो दिला की सिस्टीममध्ये नोंद होते की तक्रार सुटली, ग्राहक समाधानी. मी दोनदा दिला, त्या पोराचा दिवस वाया जाऊ नये म्हणून. नंतर कंपनीने उत्तरात तेच लिहिलं, दोन वेळा भेट दिली आणि दोन्ही वेळा तक्रार निकाली निघाली म्हणून. काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. त्याला सांगा, भाऊ, तुझ्यावर राग नाही, कॉल पेंडिंग ठेव आणि पार्ट पाहिजे असं लिही.

दुसरं म्हणजे तोंडी कारणं. पाणी खारं आहे, अर्थिंग नाही, व्होल्टेज कमीजास्त होतं. जे कारण असेल ते जॉब शीटवर लिहून सही करा असं म्हणा. खरं असेल तर तो लिहील आणि मग तुम्हालाही त्यावर उपाय करता येईल. खरं नसेल तर बहुतेक वेळा लिहीत नाहीत. व्होल्टेजचं कारण दिलं तर एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून त्याची पावती फाईलला लावा.

दुकानात जाऊन आरडाओरडा करू नका. मी एकदा केला आणि त्याचा शून्य उपयोग झाला, वर समोरची मुलगी रडायला लागली, तिची काहीच चूक नव्हती, ती दोन महिन्यांपूर्वी लागलेली. माणसांशी नीट बोलायचं आणि कागद कडक लिहायचा.

७. लेखी तक्रार

सात-आठ दिवसांत काही हललं नाही की दुकान आणि कंपनी दोघांच्या नावे एकच पत्र करा. वकील लागत नाही. माझं पत्र साधारण असं होतं:

"मी दिनांक अमुक रोजी आपल्या दुकानातून, बिल क्रमांक अमुक, या मॉडेलचे वॉशिंग मशीन रुपये २८,९९० ला घेतले. आपल्या डिलिव्हरी कर्मचाऱ्यांनी ट्रान्झिट बोल्ट न काढता मशीन चालू करून दिले. दिनांक अमुक रोजी मशीन बंद पडले. तक्रार क्रमांक अमुक. कंपनीच्या तंत्रज्ञाने कारण जॉब शीटवर नोंदवले आहे, प्रत सोबत जोडली आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

एवढंच. "मानसिक छळ", "लुटारू", "सोशल मीडियावर बदनामी करू" असलं काही लिहू नका, ते तुमच्यावरच उलटतं. तारीख, रक्कम, काय झालं, काय हवंय. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचं ट्रॅकिंग प्रिंट करून ठेवा, आणि तेच ईमेललाही टाका. पत्र शोरूमसोबत त्यांच्या मुख्य कार्यालयालाही जाऊ द्या, पत्ता बिलावरच असतो.

ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याचं नाव साइटवर तळाला सापडतं, चॅटबॉटशी डोकं लावत बसण्यापेक्षा थेट त्याला लिहा.

८. १९१५ ला फोन

ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं. वेबसाइटवर, अॅपवर किंवा व्हॉट्सअॅपवर ८८००००१९१५ या नंबरलाही तक्रार टाकता येते. पैसे लागत नाहीत. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि तिचा नंबर देतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे जे दुकानातल्या टेबलावर महिनाभर अडलं ते इथे आठवड्यात सुटल्याची उदाहरणं माझ्या बिल्डिंगमध्येच आहेत, शेजारच्या ताईंचा मिक्सर असाच बदलून मिळाला.

पण हे समजून घ्या की हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनीने "वॉरंटीत येत नाही" एवढंच उत्तर दिलं तर तक्रार तिथेच बंद होते, माझी तशीच झाली. तरी फोन वाया गेला नाही, कंपनीने त्या उत्तरात लिहून दिलं की चुकीचं इन्स्टॉलेशन डीलरकडून झालंय. पुढे आयोगात हाच कागद सगळ्यात जास्त कामाला आला.

घरात कुणाला हे फोनवरचं जमत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करतेय, पुण्यातही ग्राहक चळवळीची माणसं आहेत, बसवून नीट समजावून सांगतात.

९. जिल्हा ग्राहक आयोग

लोक अजून ग्राहक मंचच म्हणतात, नाव आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कोर्ट म्हटलं की पोटात गोळा येतो, माझाही आला होता, पण आपल्यासारख्यांच्या प्रकरणात ते बरंच सोपं आहे.

- वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग.
- ५ लाखांपर्यंत फी शून्य.
- वकील सक्तीचा नाही, स्वतः बोलता येतं.
- तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या गावचं असलं तरी.
- मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. "करू, बघतो" म्हणत लांबवू नका.

तक्रार ऑनलाइन भरता येते. आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय. कागद हे लागतात: तक्रार अर्ज, तारीखवार घटनांची यादी, दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र, आणि वरच्या फाईलमधले सगळे पुरावे क्रमांक टाकून, पीडीएफ करून. पोर्टलवर अपलोड करताना मला तीन संध्याकाळी लागल्या, स्कॅन तिरके झाले की त्रुटी काढतात, म्हणून मोबाईलने फोटो मारण्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून सरळ स्कॅन करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: दुकान आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. कागदावर त्यांना सामनेवाले किंवा जाबदेणार म्हणतात. एकालाच केलं तर तो म्हणणार चूक दुसऱ्याची, आणि तो दुसरा समोर नसतो. मागणी लिहितानाही स्पष्ट लिहा: किंमत परत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल भरपाई, खर्च. आकडे अवाच्या सवा टाकू नका.

तक्रार दाखल करून घेतली की समोरच्यांना नोटीस जाते, त्यांना उत्तराला ३० दिवस, आणि वाढवून जास्तीत जास्त आणखी १५. कायद्यात निकालासाठी तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने असं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीने जा. व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहायची सोय आहे, मला एक तारीख त्यामुळे सुट्टी न घेता जमली.

नोटीस मिळाल्यावर चौथ्या दिवशी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडून. "मॅडम, आपण बसून मिटवू." मिटवायला हरकत नाही, कायद्यातच मध्यस्थीची सोय आहे. पण फोनवर मिटवू नका आणि "आधी तक्रार मागे घ्या, मग चेक देतो" याला तर अजिबात हो म्हणू नका. आयोगासमोर दोघांच्या सहीची पुरसीस (लेखी निवेदन) द्या, त्यात रक्कम, तारीख आणि पैसे कसे येणार ते लिहा, पैसे खात्यात आल्यावरच प्रकरण निकाली काढा. आमचं असंच झालं, दुसऱ्या तारखेला. मशीनची किंमत, जुन्या मशीनचे १,५०० आणि वर ४,००० रुपये खर्चापोटी.

निकाल तुमच्या बाजूने लागूनही समोरचा पाळत नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आदेश न पाळल्यास तुरुंगवास आणि दंड दोन्ही कायद्यात आहेत. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

१०. पैसे आल्यावर

ईएमआय वर घेतलं असेल तर अजून एक काम उरतं. फायनान्स कंपनीला फोन करून लोन बंद करा, एनओसी (आता काही बाकी नाही असं पत्र) मागा, बँकेतला ऑटो डेबिट रद्द झाला का ते बघा. आणि दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून लोन बंद दाखवतंय ना ते तपासा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

बिघडलेलं मशीन दुकान परत नेईल तेव्हा नेल्याची पावती घ्या.

शोरूमबद्दलचा मी आधी टाकलेला पाच स्टारचा रिव्ह्यू तोपर्यंत तसाच होता. तो मी बदलला, जे घडलं ते तारखांसकट लिहिलं, आणि शेवटी पैसे दिले हेही लिहिलं.

नवीन मशीन आम्ही चिंचवडमधल्याच एका छोट्या दुकानातून घेतलं. पाचशे रुपये जास्त पडले. मी वरचे चारही प्रश्न विचारले तर त्या दादांनी एक कागद घेतला, उत्तरं लिहिली, खाली शिक्का मारला आणि स्वतःहून सांगितलं, "ताई, पोरं मशीन ठेवून येतील, पण प्लगला हात लावणार नाहीत, कंपनीचा माणूस आला की मला फोन करा." तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, बोल्ट काढले का विचारायला.